अंगठ्याने चढणारा घोडा

सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरचा चाप एकच काम करतो: चढवलेला घोडा सोडतो. घोडा चढवायचा तो अंगठ्याने, दर गोळीला नव्याने. लढाईत ही अडचण ठरली. नेमबाजीत मात्र तिच्यामुळेच हे हत्यार टिकलं.

फिरत्या चक्रीची कल्पना कोल्टच्या आधीची. एलिशा कॉलियरने १८१८ मध्ये लंडनमध्ये अशा चकमकीच्या हत्याराचं पेटंट घेतलं होतं, पण त्याच्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांची चक्री हातानेच फिरवावी लागे. सॅम्युएल कोल्ट १८३० मध्ये बोस्टनहून कलकत्त्याला निघालेल्या ‘कॉर्व्हो’ जहाजावर खलाशी होता. त्या सफरीत त्याने लाकडाचा पहिला नमुना कोरला, असं सांगितलं जातं. १८३६ च्या त्याच्या अमेरिकी पेटंटात घोडा मागे ओढला की चक्री एक घर पुढे सरकून घट्ट अडकत असे. पॅटरसनचा त्याचा कारखाना १८४२ मध्ये बुडाला. १८४७ मध्ये टेक्सासच्या सॅम्युएल वॉकरच्या सूचनांवरून घडवलेल्या अवजड रिव्हॉल्व्हरने कोल्टचा धंदा पुन्हा उभा राहिला.

तोवर चक्रीच्या प्रत्येक घरात दारू आणि गोळी समोरून ठासावी लागे. मागून काडतूस भरता येईल अशा आरपार चक्रीचं पेटंट रॉलिन व्हाइटकडे होतं आणि त्याचा परवाना स्मिथ अँड वेसनने घेतला होता. १८६९ मध्ये त्या पेटंटची मुदत संपली आणि १८७३ मध्ये कोल्टचं ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ अमेरिकी घोडदळाच्या हाती आलं.

ते भरण्याची रीत आजही तीच आहे. घोडा अर्धा चढवला की चक्री मोकळी फिरते. उजवीकडचं छोटं दार उघडून एकेक काडतूस आत सरकवायचं. चढवलेला नसताना घोड्याचं टोक थेट काडतुसावर टेकतं, म्हणून सहापैकी पाचच घरं भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर अलगद उतरवायचा. झाडून झाल्यावर नळीखालच्या दांड्याने एकेक पुंगळी बाहेर ढकलायची.

सैन्याला एवढी सवड नव्हती. १८९२ मध्ये त्याने डबल अ‍ॅक्शन स्वीकारलं. त्यात चाप ओढला की घोडा चढतो आणि पडतोही. मात्र हे दुहेरी काम एका बोटाला करावं लागल्याने चापाची ओढ जड आणि लांब होते आणि तेवढ्यात नळी हलते. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये घोडा चढवण्याचं कष्टाचं काम अंगठा आधीच उरकतो. बोटाकडे उरते ती हलकी, आखूड ओढ. म्हणूनच डबल अ‍ॅक्शन हाती आल्यावरही संथ नेमबाजीत लोक घोडा अंगठ्यानेच चढवत राहिले.

ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनने १८९० मध्ये आपल्या स्पर्धा विम्बल्डनहून सरेतल्या बिस्ले इथे हलवल्या. तिथल्या रिव्हॉल्व्हर नेमबाजीचा दबदबा एवढा, की १८९४ मध्ये कोल्टने आपल्या नव्या मॉडेलला ‘बिस्ले’ हेच नाव दिलं. अंगठा सहज पोचावा म्हणून घोड्याचं शेपूट खाली आणलं, चाप रुंद केला, मुठीचा आकार बदलला. तिथे गाजलेल्या नेमबाजांपैकी वॉल्टर विनन्सने रिव्हॉल्व्हर नेमबाजीवर ग्रंथ लिहिला. १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये त्याने धावत्या हरणाच्या लक्ष्यावर सुवर्ण मिळवलं आणि १९१२ मध्ये शिल्पकलेतही.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कोल्टने हे उत्पादन थांबवलं. पण चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरच्या काउबॉयकथांनी मागणी वाढवली. बिल रुगरने १९५३ मध्ये .२२ चं ‘सिंगल सिक्स’ काढलं. त्यात सहज मोडणाऱ्या पट्टी-स्प्रिंगांच्या जागी टिकाऊ गुंडाळी-स्प्रिंगा होत्या. त्यानंतर कोल्टलाही उत्पादन पुन्हा सुरू करावं लागलं. रुगरने १९७३ मध्ये चाप ओढल्यावरच वर येणारी, घोड्याचा ठोका पोचवणारी पट्टी बसवली आणि सहावं घर निर्धास्तपणे भरता येऊ लागलं. १९८७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी’च्या सामन्यांत आजही प्रत्येकी पाच काडतुसांची दोन रिव्हॉल्व्हरं वापरतात.

जुन्या घडणीचा जड घोडा लांबून पडतो. चाप सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत मनगट ढळलं, तर कागदावर ते लगेच दिसतं. पुढच्या गोळीसाठी पुन्हा अंगठा उचलायचा, मूठ सावरायची, नेम नव्याने धरायचा. घाईला जागाच न ठेवणारं हे हत्यार प्रत्येक गोळी स्वतंत्रपणे मारायला शिकवतं, आणि नेमबाजीचा पाया तोच आहे. नव्या नेमबाजाने शिक्षकाच्या देखरेखीखाली सुरुवात करावी ती यावरच.