कायरोप्रॅक्टिक आणि गरोदरपणातील कंबरदुखी

मणक्यांच्या आणि कटिभागातील सांध्यांवर हाताने दाब किंवा नेमका झटका देऊन दुखणे कमी करण्याची पद्धत म्हणजे कायरोप्रॅक्टिक. डॅनियल डेव्हिड पामर यांनी 1895 मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हेनपोर्ट गावी ती सुरू केली. पाश्चात्त्य देशांत अनेक गरोदर स्त्रिया कंबरदुखीसाठी हा उपचार घेतात. महाराष्ट्रात असे उपचारक प्रामुख्याने मोठ्या शहरांत भेटतात. खानदेशात दुखणे तेच असले, तरी त्यावर हात फिरवणारे निराळे असतात.

निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना कधी ना कधी कंबरदुखी होते. नऊ महिन्यांत साधारण दहा-बारा किलो वजन वाढते आणि त्यातले बरेचसे शरीराच्या पुढच्या बाजूला येते. तोल राखण्यासाठी कंबर आत वळते, पोटाचे स्नायू ताणले जातात आणि संप्रेरकांमुळे सांधे बांधणाऱ्या अस्थिबंधांत सैलपणा येतो. दुसरे दुखणे कटिसांध्यांचे असते. माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना किंवा पुढे जांघेच्या मध्यभागी कळ येते. कुशीवर वळताना, जिना चढताना, एका पायावर उभे राहून सलवार घालताना ती जास्त जाणवते. साधारण पाचांतल्या एकीला हा त्रास होतो. ‘पोटुशीला एवढे व्हायचेच’ असे म्हणून घरात ही कळ सहज उडवून लावली जाते, आणि ते चूक आहे. नीट तपासणी झाली तर दुखणे कमरेचे की कटिसांध्यांचे ते कळते आणि इलाजही त्याप्रमाणे ठरतो.

शेतकामाने या दुखण्यात भर पडते. असोदा हे खानदेशातल्या जळगावजवळचे गाव, कवयित्री बहिणाबाई चौधरींचे माहेर. आसपासच्या काळ्या जमिनीत दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला येतो. वेचणारी बाई कमरेला कापडाची झोळी बांधून बोंडामागून बोंड काढत ओळ पुढे नेते. झोळी भरत जाते तसे वजन पोटासमोर लोंबू लागते, म्हणजे जिथे गर्भाचा भार आधीच आहे नेमके तिथेच. सहाव्या-सातव्या महिन्यात हे काम करणारीची पाठ संध्याकाळी धरते यात नवल नाही. झोळी अर्धी होताच रिकामी करणे, मधूनमधून सरळ उभे राहून कंबर मोकळी करणे आणि भरलेला हंडा दुसऱ्याने उचलणे एवढ्यानेही फरक पडतो. ही जबाबदारी घरच्यांचीही आहे.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावण्याची जुनी रीत आहे. पायाकडून जन्मलेल्या व्यक्तीने पाठीला पाय लावला किंवा हलकी लाथ मारली की उसण जाते, अशी समजूत. शिवाय हाडवैद्य असतात, तेल लावून चोळणाऱ्या अनुभवी बायका असतात. गरोदर बाईच्या बाबतीत पायाळूचा पाय आणि हाडवैद्याचा झटका दोन्ही टाळावेत. पाठीला हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. पोट मात्र जोराने चोळू नये, कारण पोटावर आघात झाला तर वार सुटण्याचा धोका असतो.

पायाळूपणाचा संबंध कायरोप्रॅक्टिकशीही येतो. लॅरी वेबस्टर या अमेरिकी उपचारकाच्या नावाने ओळखले जाणारे तंत्र पायाळू बाळ वळवते, असा दावा बराच काळ केला गेला. त्याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास चारपाच बाळांतले एक आडवे किंवा पायाळू असते, तर दिवस भरताना पायाळू बाळांचे प्रमाण तीन-चार टक्क्यांवर येते. बहुतेक बाळे आपोआप वळतात, म्हणून त्या काळात केलेल्या कोणत्याही उपायाला श्रेय मिळून जाते. दिवस भरत आले असता रुग्णालयात, सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेची सोय हाताशी ठेवून, डॉक्टर पोटावरून बाळ वळवतात. ही सिद्ध पद्धत आहे आणि ती साधारण निम्म्या वेळा यशस्वी होते.

गरोदरपणातील कंबरदुखीवरच्या उपायांचा, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा 2015 चा आढावा 34 चाचण्या आणि पाच हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेला आहे. व्यायामाने कंबरदुखी कमी होऊ शकते, असे त्यातून दिसते, पण पुरावा कमकुवत प्रतीचा आहे. हाताने करायच्या उपचारांचा काही चाचण्यांत फायदा दिसला, तरी चाचण्या थोड्या आणि लहान. गंभीर अपायाच्या नोंदी विरळ आहेत. मानेला दिलेल्या झटक्याने रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, म्हणून तो टाळलेलाच बरा.

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वैद्यकीय परिषदेसारखी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. पाटी वाचून उपचारकाचे शिक्षण कळत नाही. ते विचारावे लागते. फिजिओथेरपिस्टची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात त्यांच्या नोंदणीसाठी 2002 चा कायदा आणि राज्य परिषद आहे. खानदेशातल्या गरोदर बाईसाठी जवळचा आणि भरवशाचा मार्ग तोच: आधी प्रसूतितज्ज्ञ, मग त्यांच्या सल्ल्याने फिजिओथेरपिस्ट.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. गुडघे आणि तळहात टेकून पाठ हळूच वर उचलावी व पुन्हा सपाट करावी. रोज थोडे चालावे. झोपताना कुशीवर वळून दोन्ही गुडघ्यांत उशी किंवा गोधडीची घडी घ्यावी. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर यावे, मग हाताच्या आधाराने बसावे. कटिसांधे दुखत असतील तर पट्ट्याचा उपयोग होतो, पण तो कुठे व किती आवळायचा हे शिकून घ्यावे. औषधांच्या दुकानातून अंगदुखीची गोळी परस्पर आणू नये: आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते.

रक्तस्राव, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, ताप किंवा लघवीची जळजळ, डोकेदुखीसह अंधारी, पाय बधिर पडणे, लघवीवरचा ताबा सुटणे किंवा सदतिसाव्या आठवड्याआधी थांबून थांबून येणाऱ्या कळा यांपैकी काहीही कंबरदुखीसोबत आले तर मालीश आणि व्यायाम बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. तातडीला 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. एरवी 2016 पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. कमरेची तक्रार तिथे आपणहून सांगावी, आणि बाई संकोचत असेल तर आशाताईंनी ती डॉक्टरांच्या कानावर घालावी.