विस्तारित ध्वनिमुद्रिका आणि पाठनिश्चितीचा प्रश्न

चित्रपटाची ध्वनिमुद्रिका म्हटली की आपल्याकडील वाचकाच्या मनात प्रथम गाणी उभी राहतात. अमेरिकन चित्रपटसृष्टीत या शब्दाने दर्शविली जाणारी वस्तू पुष्कळदा निराळी असते. तेथे ध्वनिमुद्रिकेवर असते ते पार्श्वसंगीत : एका संगीतकाराने विशिष्ट दृश्यांसाठी रचलेले, वाद्यवृंदाने वाजविलेले आणि दृश्यांच्या लांबीशी काटेकोरपणे बांधलेले. हे संगीत प्रथम प्रसिद्ध होते तेव्हा त्याचा काही भागच श्रोत्याच्या हाती पडतो. पुढे कित्येक वर्षांनी मूळ फितींचा शोध घेऊन तेच संगीत अधिक विस्ताराने पुन्हा प्रकाशित केले जाते. अशा विस्तारित आवृत्त्या मिळविणारा व जपणारा एक जाणता संग्राहकवर्ग गेल्या तीन-चार दशकांत निर्माण झाला असून, विज्ञानकथांवर आधारलेल्या चित्रपटांचे संगीत हा त्याच्या विशेष आवडीचा प्रांत होय. हा छंद इतिहासाच्या अभ्यासकाने गंभीरपणे का घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, विस्तारित आवृत्तीचे मोल ती 'संपूर्ण' असण्यात नसून ती पाठभेद उजेडात आणते यात आहे.

प्रथम हे पाहिले पाहिजे की मूळ ध्वनिमुद्रिका त्रोटक का असे. याची कारणे तीन. पहिले कारण यांत्रिक. एल.पी. तबकडीच्या एका बाजूस साधारणपणे वीस ते पंचवीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावे. त्यामुळे एका तबकडीवरील संगीत पाऊण तासाच्या आतबाहेरच राही. दुसरे कारण आर्थिक. चित्रपटासाठी केलेले वादन तबकडीच्या रूपाने विकावयाचे झाल्यास अमेरिकन वादकसंघाच्या करारानुसार वादकांना पुन्हा मोबदला द्यावा लागे. ही रक्कम वाचविण्यासाठी प्रकाशक संगीताची निवड आखडती घेत. सीडीचे युग आल्यावर, एका चकतीवर सत्तर मिनिटांहून अधिक जागा असतानाही, अर्ध्या तासाच्याच मुद्रिका निघत राहिल्या, याचे हे मुख्य कारण. तिसरे कारण मात्र कलाविषयक आहे आणि तेच अभ्यासकाने विसरू नये. अनेक संगीतकार तबकडीला स्वतंत्र रचना मानीत. 'ई.टी.' (१९८२) या चित्रपटाच्या मूळ मुद्रिकेसाठी जॉन विल्यम्स यांनी कित्येक भाग सलग श्रवणास योग्य अशा रीतीने नव्याने बांधून ध्वनिमुद्रित केले. अशी तबकडी म्हणजे चित्रपटातील संगीताचा तुकडा नव्हे. ती संगीतकाराने स्वतः सिद्ध केलेली निराळी आवृत्ती होय.

म्हणजेच एकाच चित्रपटाच्या संगीताचे निदान तीन पाठ संभवतात : संगीतकाराने रचून वाजवून घेतलेला, चित्रपटात प्रत्यक्ष ऐकू येणारा, आणि तबकडीवर प्रसिद्ध झालेला. हे तिन्ही एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'एलियन' (१९७९). जेरी गोल्डस्मिथ यांनी या चित्रपटाचे शीर्षकसंगीत प्रथम अंतराळाविषयीचे गूढ आकर्षण सूचित करणारे, काहीशा स्वप्नरम्य वळणाचे असे रचले होते. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांना ते रुचले नाही. तेव्हा गोल्डस्मिथ यांनी दुसरे, थंड आणि विरळ असे शीर्षकसंगीत लिहून दिले व तेच चित्रपटात आले. इतकेच नव्हे, तर संकलनाच्या काळात कामचलाऊ म्हणून जोडलेले, गोल्डस्मिथ यांच्याच 'फ्रॉइड' (१९६२) या जुन्या चित्रपटातील काही संगीत तसेच कायम ठेवण्यात आले, आणि अंतिम श्रेयनामावलीवर तर हॉवर्ड हॅन्सन यांच्या दुसऱ्या सिंफनीचा भाग घालण्यात आला. १९७९ च्या तबकडीवर मात्र गोल्डस्मिथ यांनी आपले मूळचे शीर्षकसंगीत आणि आपलेच अंतिम संगीत छापले. चित्रपट पाहून तबकडी विकत घेणाऱ्यास पाहिलेले व ऐकलेले यांचा मेळ बसेना, तो यामुळे. २००७ साली इंट्राडा या संस्थेने दोन सीडींची आवृत्ती काढली. तीत मूळ रचना, दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून केलेली पुनर्रचना आणि १९७९ ची तबकडी ही तिन्ही अंगे एकत्र आली. तेव्हा कोठे, संगीतकार आणि दिग्दर्शक यांच्या मतभेदाचा इतिहास ऐकीव आख्यायिकेच्या पातळीवरून कानांनी पडताळून पाहण्याच्या पातळीवर आला.

पाठचिकित्सेची परंपरा ज्यांना परिचित आहे त्यांना ही प्रक्रिया अनोळखी वाटणार नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना संहितेबाहेर ठेवलेला मजकूर फेकून दिला नाही. तो तळटीपांत व परिशिष्टांत नोंदविला. उत्तम विस्तारित ध्वनिमुद्रिकेची रचना अशीच असते. मुख्य क्रमात चित्रपटाचा पाठ, त्यानंतर परिशिष्टरूपाने पर्यायी वादने, आणि शेवटी जुनी तबकडी जशीच्या तशी. 'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर' (१९७९) या चित्रपटाच्या संगीताची मूळ तबकडी सुमारे ४० मिनिटांची होती; १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती सुमारे ६५ मिनिटांची झाली; आणि २०१२ साली ला-ला लँड रेकॉर्ड्सने तीन सीडींचा संच काढला. या शेवटच्या संचात, पुढे सर्वतोमुखी झालेली मुख्य धून सुचण्यापूर्वी गोल्डस्मिथ यांनी त्याच दृश्यांसाठी केलेले पहिले वादनही आहे. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांनी त्यात ठसठशीत धून नाही असे दाखवून दिल्यावर ते बाजूस ठेवण्यात आले होते. एखाद्या प्रसिद्ध रचनेचा आधीचा खर्डा वाचावयास मिळावा, तसा हा अनुभव आहे. धून लिहिली गेल्यावर ती अटळ वाटते. ती अटळ नव्हती, हे या जुन्या वादनावरून कळते.

जेथे चित्रपटाने संगीत पूर्णपणे नाकारले तेथे हा प्रश्न अधिक तीव्र होतो. '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) साठी अॅलेक्स नॉर्थ यांनी सुमारे ४० मिनिटांचे संगीत रचले व जानेवारी १९६८ मध्ये लंडनमध्ये ते ध्वनिमुद्रितही झाले. स्टॅन्ली कुब्रिक यांनी ते सर्वच बाजूला सारले आणि रिखार्ड स्ट्राउस, योहान स्ट्राउस, लिगेती प्रभृतींच्या आधीच उपलब्ध असलेल्या रचना कायम ठेवल्या. नॉर्थ १९९१ साली निवर्तले. १९९३ साली त्यांचे मित्र गोल्डस्मिथ यांनी तीच स्वरलिपी नव्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली. हे पुनर्मुद्रण आदराने केलेले आहे. तथापि ते भाष्य होय, मूळ साक्ष नव्हे. १९६८ चे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, नॉर्थ यांच्याकडे राहिलेल्या एकपदरी फितींवरून, २००७ साली प्रसिद्ध झाले. नव्या वादनातील तंत्रशुद्धता त्यात नाही. परंतु कुब्रिक यांनी जे ऐकून नाकारले ते नेमके कसे होते, या प्रश्नाचे उत्तर त्या जुन्या फितीखेरीज अन्यत्र मिळणे शक्य नाही.

'फॉरबिडन प्लॅनेट' (१९५६) या चित्रपटाच्या बाबतीत तर फितीवाचून दुसरा आधारच नाही. लुई व बेबे बॅरन या दांपत्याने विद्युन्मंडले बनवून, ती जळून निकामी होईपर्यंत त्यांतून निघणारे ध्वनी टिपले आणि त्यांवर संस्कार करून हे संगीत घडविले. मंडल एकदा जळाले की तोच ध्वनी पुन्हा काढता येत नसे. येथे स्वरलिपी नाही, वादक नाहीत, पुनर्वादनाची शक्यता नाही. ध्वनिमुद्रण हाच मूळ ग्रंथ. तो तबकडीरूपाने प्रसिद्ध व्हावयास १९७६ साल उजाडले, म्हणजे चित्रपटानंतर वीस वर्षे गेली.

प्रकाशनातील दिरंगाईचे दुसरे फळ 'ब्लेड रनर' (१९८२) च्या इतिहासात दिसते. या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ध्वनिमुद्रिका येणार असे सांगितलेले असूनही व्हँगेलिस यांचे स्वतःचे संगीत त्या वेळी प्रसिद्ध झाले नाही. बाजारात आली ती दुसऱ्या एका वाद्यवृंदाने केलेली रूपांतरित तबकडी. मूळ संगीताची अधिकृत मुद्रिका १९९४ साली निघाली. मधल्या बारा वर्षांत अनधिकृत फिती व सीडी हातोहाती फिरल्या. १९९४ ची मुद्रिका तरी चित्रपटाचा पाठ होती काय? तीत चित्रपटातील संवाद मिसळलेले आहेत, आणि चित्रपटात नसलेल्या रचनाही आहेत. २००७ च्या तीन सीडींच्या संचात काही अप्रकाशित संगीत मिळाले, पण एक संपूर्ण सीडी नव्याने रचलेल्या संगीताची आहे. अनधिकृत संकलने चित्रपटाच्या क्रमाशी अधिक इमान राखणारी, तर अधिकृत मुद्रिका संगीतकाराच्या नंतरच्या इच्छेशी इमान राखणारी, असा हा पेच आहे. अनधिकृत प्रतींचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. त्यांपैकी कित्येकांत वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे जोडून, कधीच अस्तित्वात नसलेला असा संकरित पाठ तयार झालेला असतो. परंतु अधिकृत पाठ जेथे रोखून धरला जातो तेथे प्रक्षेप वाढतात, हा पाठचिकित्सेचा जुना अनुभव येथेही खरा ठरतो.

या साऱ्या प्रयत्नांना घाई का आहे, हेही सांगितले पाहिजे. अॅसिटेटच्या पायावरील चुंबकीय फीत कालांतराने कुजू लागते व तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. अखेर ती आक्रसून वाजविण्यास निरुपयोगी होते. काही दशकांतील दुसऱ्या प्रकारच्या फितींवरील चिकट थर ओलावा शोषून घेतो, व त्या मंद उष्णतेत शेकल्यावाचून वाजविता येत नाहीत. कागदाचीही गत फार बरी नाही. एम.जी.एम. या चित्रसंस्थेने १९७० च्या आगेमागे आपल्या संगीत ग्रंथालयातील असंख्य स्वरलिपी व वादकांचे सुटे कागद नष्ट करून टाकले. अशा परिस्थितीत जपणुकीचे काम पुष्कळदा रसिकांनी अंगावर घेतले. 'फिल्म स्कोअर मंथली' हे १९९० मध्ये ल्यूकस केंडॉल यांनी विद्यार्थिदशेत सुरू केलेले पत्रक. त्याचे पुढे नियतकालिक झाले, आणि १९९८ पासून त्या संस्थेने जुन्या संगीताच्या मुद्रिका काढल्या. 'लोगन्स रन' चे (१९७६) संगीत २००२ साली व 'स्टार ट्रेक २' चे (१९८२) २००९ साली तिनेच विस्ताराने प्रसिद्ध केले. अशा आवृत्त्या पुष्कळदा दोन-तीन हजार प्रतींपुरत्याच निघतात. त्या संपल्या की त्यांचा ठाव फक्त खाजगी कपाटांत उरतो. म्हणजे अभ्यासकाचे साधनसाहित्य ग्रंथालयांत नव्हे, तर छांदिष्टांच्या घरी आहे. आणि कपाटाचा मालक गेल्यावर त्या साहित्याचे काय होईल, याची कोणतीच हमी नाही.

या छंदावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो निराधार नाही. अधिक संगीत म्हणजे अधिक चांगले संगीत नव्हे. 'स्टार वॉर्स' च्या (१९७७) दोन तबकड्यांचा क्रम विल्यम्स यांनी चित्रपटाचा क्रम मोडून, श्रवणाच्या दृष्टीने लावला होता. १९९७ च्या आवृत्तीत तो चित्रपटाबरहुकूम झाला आणि मुख्य शीर्षकसंगीताच्या वादनाचे एकामागून एक केलेले प्रयत्नही तीत आले. रसिकाला त्या प्रयत्नांची पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटेल. अभ्यासकाला मात्र त्यांत वाद्यवृंद एका निश्चित लयीकडे कसा सरकतो हे ऐकू येते. दोघांच्याही गरजा खऱ्या आहेत. म्हणून आमच्या मते 'विस्तारित की मूळ' हा वाद चुकीच्या पायावर उभा आहे. नवी आवृत्ती येताच जुनी तबकडी विकून टाकणारा संग्राहक एका पाठाच्या मोबदल्यात दुसरा पाठ गमावतो. आणि जुन्या तबकडीलाच चिकटून राहणारा, रचनेमागची घडामोड ऐकण्याची संधी नाकारतो.

शेवटी एक गोष्ट आपल्या घराजवळची. हिंदी व मराठी चित्रपटांची गाणी तबकड्यांवर आली, म्हणून ती टिकली. त्याच चित्रपटांचे पार्श्वसंगीत क्वचितच स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले, आणि संवाद व इतर ध्वनींत मिसळलेल्या स्वरूपातच ते आज बहुधा ऐकावयास मिळते. त्याचे पाठभेद शोधण्याचा प्रश्न तर पुढचा. पहिलाच पाठ सुटा हाती यावयाचा आहे. परदेशातील काही छांदिष्टांनी फिती शोधल्या, शेकल्या, वाजविल्या आणि त्यांची नीट सूची केली. आपल्या विद्यापीठीय संशोधनाने या विषयाकडे वळावयाचे ठरविले, तर आरंभ सिद्धान्तापासून न करता अशाच एखाद्या फितीच्या डब्यापासून करावा लागेल.