शंभर डॉलरचा न भरलेला दंड

मतदार यादीत बोगस नाव घातलं तर शिक्षा काय, हे आपण नेहमी विचारतो. आज मला एक उलटी केस सांगायचीय. नाव खरं, पत्ता खरा, तरीही गुन्हा.

१ नोव्हेंबर १८७२. अमेरिकेतलं रॉचेस्टर शहर. एका न्हाव्याच्या दुकानात मतदार नोंदणी चाललीय. ५२ वर्षांच्या सुझन बी. अँथनी आपल्या बहिणींना घेऊन आत शिरतात. अधिकारी म्हणतात, बायकांना मताधिकार नाही. त्या संविधानाची चौदावी दुरुस्तीच वाचून दाखवतात: इथे जन्मलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे. वर सांगतात, तुमच्यावर खटला झालाच तर खर्च माझा. बराच वाद होतो, पण नावं लिहिली जातात. ५ तारखेला मतदान. १८ तारखेला अटक.

कलम लागलं ते १८७० च्या कायद्याचं. गंमत बघा, हा कायदा केला होता दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मतदानापासून अडवणाऱ्यांना चाप लावायला! बोगस नोंदणी आणि बेकायदा मतदानाची शिक्षाही त्यातच होती: ५०० डॉलरपर्यंत दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पण त्या कलमात एक शब्द होता: 'जाणूनबुजून'. माझ्या मते सगळा खटला इथेच होता. वकील म्हणाले, आपल्याला हक्क आहे असं या बाईंना मनापासून वाटत होतं, मग फसवणूक कुठली? जून १८७३ मध्ये न्यायमूर्ती वॉर्ड हंट यांनी लिहून आणलेला निकाल वाचला आणि ज्यूरीला सरळ सांगितलं, दोषी ठरवा. ज्यूरीत सगळे पुरुषच होते, पण त्यांनाही विचार करू दिला नाही.

दंड १०० डॉलर. अँथनी म्हणाल्या, एक डॉलरही देणार नाही, आणि दिला नाही. हंट यांनी त्यांना त्यासाठी तुरुंगातही टाकलं नाही. ही दया नव्हती हं! कैद झाली असती तर त्यांना सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावता आलं असतं.

तुरुंगात गेले ते नाव लिहून घेणारे. त्या अधिकाऱ्यांना प्रत्येकी २५ डॉलर दंड झाला होता. त्यांनीही भरला नाही, आणि १८७४ मध्ये त्यांतल्या दोघांना आत टाकलं. मत दिलेल्या बायका त्यांना जेवण पोचवायच्या. शेवटी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी माफी दिली.

अँथनींना माफी मिळाली थेट २०२० मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याकडून. त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे. त्या संग्रहालयाने ती माफी नाकारली: स्वीकारली तर तो खटला योग्य होता, असं मान्य केल्यासारखं होईल.