संमेलनाआधीची शाळा: पुण्यातील मराठी ख्रिस्ती तरुणांच्या तयारीचा इतिहास

पुण्यातल्या एखाद्या मराठी मंडळीचा तरुण संघ संमेलनाला निघायचा असला की महिना-दीड महिना आधीच देवळात हालचाल सुरू होते. नावे लिहून घेतली जातात, वर्गणी ठरते, घरच्यांची परवानगी मिळवावी लागते. रविवारची उपासना संपल्यावर मागच्या बाकांवर पेटी आणि ढोलकी घेऊन गाण्यांचा सराव चालतो आणि वचनांचे पाठांतर कुणाचे किती झाले याची विचारपूस होते. संमेलनाचा इतिहास लिहिला जातो तेव्हा यातले काहीच त्यात येत नाही. अध्यक्ष कोण होते, व्याख्याने कोणाची झाली, ठराव कोणते झाले एवढेच उरते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. मराठी ख्रिस्ती समाजाच्या घडणीत संमेलनांपेक्षा त्यांच्या तयारीचा वाटा मोठा आहे. संमेलन हा साचा परदेशातून आला. तयारी मात्र इथल्या मुलामुलींनी इथल्या भाषेत केली आणि त्या तयारीतच तो साचा मराठी झाला.

ही संमेलने वेगवेगळ्या परंपरांची असतात. त्यांतल्या लूथरन संमेलनाला पुण्यातला तरुण गेला, तर बहुधा पाहुणा म्हणूनच जाईल. भारतात प्रॉटेस्टंट मिशनचा आरंभ लूथरन माणसांनीच केला. १७०६ मध्ये त्सीगेनबाल्ग आणि प्लुत्शाऊ तरंगमबाडीला उतरले. पुढे १८४२ मध्ये गुंटूरला आणि १८४५ मध्ये रांचीला लूथरन काम सुरू झाले. त्यामुळे तमिळ, तेलुगू आणि छोटानागपूरच्या भाषांत लूथरन मंडळ्या रुजल्या. मराठी मुलूख दुसऱ्यांच्या वाट्याला आला. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आले. पुण्यात स्कॉटिश, अँग्लिकन आणि मेथडिस्ट मिशनांनी काम केले. तरीही लूथरचा एक आग्रह या सर्वांबरोबर इथे पोहोचला होता. मंडळीने आपल्या भाषेत स्वतः गावे, धर्मगुरूने गायलेले नुसते ऐकत बसू नये, हा तो आग्रह. लूथरच्या गीतांचे पहिले संग्रह १५२४ मध्ये छापले गेले आणि गाणे पाठ असलेला सामान्य माणूस उपासनेचा वाटेकरी झाला. पुण्याच्या तरुणांच्या तयारीत गाण्याला पहिले स्थान आहे, त्याचे मूळ इतके जुने आहे.

उघड्या माळावर तंबू ठोकून चार-आठ दिवस प्रार्थनासभा भरवण्याची रीत, म्हणजे संमेलनाचा मूळ साचा, अमेरिकेतली. ती पुण्याजवळ आली लोणावळ्याला. त्याला कारण घाटातली रेल्वे. १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग पूर्ण झाला आणि मुंबई व पुणे ही दोन्ही शहरे लोणावळ्याच्या टप्प्यात आली. महाबळेश्वरला जायचे तर टांग्याचा लांबचा प्रवास आणि खर्च. लोणावळ्याला तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढून शाळेतल्या मुलींचा गटसुद्धा जाऊ शकत होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पंडिता रमाबाई आपल्या पुण्यातल्या शारदासदन या विधवांच्या शाळेतल्या पंधरा मुलींना घेऊन तिथल्या सभांना गेल्या होत्या. पहाटे त्या एकट्याच झाडीत गेल्या. या पंधरांची संख्या पंधरापट व्हावी, म्हणजे दोनशे पंचवीस व्हावी, अशी प्रार्थना त्यांनी तिथे केली. पुढे मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा १८९७ मध्ये रमाबाईंनी तिकडे जाऊन सुमारे तीनशे मुली आणल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. श्रद्धाळू वाचक यात प्रार्थनेचे फळ पाहील. इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट दिसते. जिने पंधरा मुलींचे प्रवास, जेवण, निजणे आणि शिस्त सांभाळली होती, तिच्यापाशी तीनशे मुलींची व्यवस्था लावण्याचा अनुभव काही अंशी आधीच जमा होता. आणि त्या पंधरा मुलींतही बालविधवा होत्या. घराच्या माजघराबाहेर पडायची मुभा नसलेल्या मुलीला वळकटी बांधून आगगाडीत बसवणे, ही १८९० च्या दशकातल्या पुण्यात साधी गोष्ट नव्हती.

ती किती अवघड होती हे समजायला त्याच काळातल्या पंचहौद मिशनच्या चहाकडे पाहावे. १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या त्या मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली मान्यवर मंडळी जमली होती. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडेही त्यांत होते. पुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रातून जाहीर केली. त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. ख्रिस्ती माणसाच्या हातचा एक पेला चहा जिथे शहर हलवू शकतो, तिथे ब्राह्मण, कुणबी, महार आणि मांग अशा घरांतून आलेल्या ख्रिस्ती तरुणांनी चार दिवस एका पंक्तीला जेवायचे म्हणजे काय, याची कल्पना करता येईल. संमेलनाच्या तयारीत स्वयंपाक कोण करणार, पाणी कोण भरणार, ताटे कोण घासणार हे ठरवावेच लागते. व्यासपीठावरून समतेवर बोलणे सोपे असते. चुलीपाशी मात्र ती वागण्यात आणावी लागते. सोवळ्याची सवय बाप्तिस्म्याच्या एका दिवसात सुटत नाही, ती टप्प्याटप्प्याने सुटते, याचा प्रांजळ पुरावा कवी नारायण वामन टिळक यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये ठेवला आहे. एकत्र प्रवास आणि एकत्र स्वयंपाक हे त्या टप्प्यांपैकीच होते.

प्रवास आणि पंक्ती हा तयारीतला पहिला धागा, दुसरा मोठा धागा गाण्याचा. इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते मराठी माणसाच्या गळ्यात नीट उतरत नाहीत, हे अहमदनगरच्या मंडळींना लवकर कळले. १८६० च्या दशकात विष्णुपंत करमरकर आणि कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंग, आख्यान, मध्ये पदे, मागे साथ हा सारा घाट मराठी, फक्त कथा शुभवर्तमानातली. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या चोवीस वर्षांत अभंग, ओवी आणि पदे यांची अशी भर घातली की ‘उपासना संगीत’ आजही त्यांच्यावाचून उघडत नाही. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १९०७ मध्ये जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले, त्यामागे टिळकांचीच खटपट होती. म्हणजे जो माणूस ख्रिस्ती तरुणांसाठी गाणी लिहीत होता, तोच साऱ्या मराठी कवींना एका मांडवाखाली आणत होता. संमेलनाला जाणाऱ्या मुलाने टिळकांचे अभंग पाठ करायचे म्हणजे मराठी छंद, टाळाचा ठेका आणि संतपरंपरेची शब्दकळा आपसूक आत्मसात करायची. महिनाभराच्या सरावाने जे अंगी मुरते ते तासाभराच्या व्याख्यानाने येत नाही.

तिसरा धागा संघटनेचा. १८८१ मध्ये अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंड शहरी फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने ख्रिश्चन एंडेव्हर नावाची तरुणांची संस्था काढली आणि काही वर्षांतच ती भारतातल्या मंडळ्यांपर्यंत पोहोचली. तिचा नियम साधा होता. सभासदाने रोज शास्त्र वाचायचे, प्रार्थना करायची आणि प्रत्येक सभेत गाण्याखेरीज आणखी काहीतरी स्वतःच्या तोंडाने बोलायचे: एखादे वचन, एखादी प्रार्थना, चार वाक्ये. महिन्यातून एकदा हजेरी पुकारली जाई आणि प्रत्येकाने नवा निर्धार सांगायचा. कामे समित्यांत वाटलेली असत. शाळेत नुकत्याच जाऊ लागलेल्या पिढीला या नियमाने काय दिले हे सहज लक्षात येते. उभे राहून बोलणे, इतिवृत्त लिहिणे, हिशोब दाखवणे, मतभेद झाला तर मत मोजून निर्णय घेणे हे सारे त्यात आले. ज्यांच्या आईबापांना गावच्या चावडीवर पायरीशी उभे राहावे लागे, त्यांच्या मुलांनी सभेचे कामकाज चालवण्याचा पहिला सराव अशा बैठकींत केला. रमाबाईंनी १८८९ च्या मुंबई काँग्रेसमध्ये स्त्री-प्रतिनिधी आणल्या, हे आपण कौतुकाने सांगतो. प्रतिनिधी होण्याची तालीम कुठेतरी घ्यावी लागते, एवढेच त्याला जोडायचे आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळे पश्चिमेचे अनुकरण होते आणि त्याने तरुणांच्या तोंडी परक्यांची भांडणे घातली. आक्षेपाला आधार आहे. विष्णुपंतांचे चिरंजीव सुमंतराव करमरकर १८९३ मध्ये माँट्रियलला एंडेव्हरच्या जागतिक संमेलनात बोलले. रोमन कॅथलिक उपासनेविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांवरून त्या शहरात मोठा क्षोभ उसळला. मुंबई-नगरकडचा एक तरुण पाळक कॅनडातल्या फ्रेंच-इंग्रज वैरात सापडला. पण या घटनेतून मला उलट निष्कर्ष निघतो. वडिलांनी कीर्तन उभारले तेव्हा श्रोते आपले होते, रूप आपले होते आणि शब्द तोलून वापरता येत होते. मुलगा बोलला ते दुसऱ्याच्या मांडवात, दुसऱ्याच्या वादाच्या सीमेवर. दोष तरुणांनी बाहेर जाण्याचा नव्हता. जिथे जायचे तिथली माणसे, त्यांची दुखणी आणि त्यांचा इतिहास समजून घेणे हाही तयारीचाच भाग आहे, हा त्यातला धडा.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. ही तयारी म्हणजे धर्मांतराची पूर्वतयारी होती, असे पुण्यातल्या सनातन्यांनीच नव्हे तर सुधारकांनीही म्हटले. शारदासदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे सांगितले गेले होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा रानडे आणि भांडारकर यांनी १८९३ मध्ये सल्लागार म्हणून अंग काढून घेतले. पालकांच्या दृष्टीने ती तक्रार खोटी नव्हती आणि तिला उडवून लावणे अन्यायाचे होईल. तथापि तक्रारीत एक गृहीत दडले आहे: या मुलींना स्वतःचे मन नव्हते. लोणावळ्याला गेलेल्या मुली लिहिता-वाचता येणाऱ्या होत्या, आणि त्यांना परत घेऊन जायला काही घरे तयार होती, काही नव्हती. प्रार्थनेला जावे की नाही हा निर्णय विधवा मुलीने घ्यावा, ही कल्पनाच त्या काळी असह्य होती. रमाबाईंच्या संस्थेवर कठोरात कठोर टीका केली तरी हा निर्णय त्या मुलींच्या हाती प्रथम तिथेच आला, हे नाकारता येत नाही. पुढे मुक्तिसदनाच्या छापखान्यात मुलींनी रमाबाईंचे सोप्या मराठीतले बायबल खिळे जुळवून छापले. ते १९२४ मध्ये, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, पूर्ण झाले. ज्या हातांना आधी फक्त पाठांतर दिले होते, त्या हातांनी ग्रंथ छापला.

तिसरा आक्षेप आतून येतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका पंक्तीला जेवूनही जात गेली नाही. लग्ने जमवताना मूळ जात विचारली जातच राहिली आणि मंडळीतला मान अनेकदा मूळच्या उंचीप्रमाणेच वाटला गेला. हे खरे आहे. संमेलनाचे चार दिवस घराची चौकट बदलू शकत नाहीत, असे म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. पण ज्या समाजात बरोबरीचा अनुभवच उपलब्ध नव्हता तिथे तो चार दिवस तरी मिळणे आणि त्याआधी महिनाभर त्यासाठी एकत्र राबणे, याने निदान मोजमाप तरी बदलते. घरी परतलेला तरुण आता भेदाला ‘रीत’ म्हणून सोडून देऊ शकत नाही, कारण दुसरी रीत त्याने पाहिलेली असते. दलित ख्रिस्ती तरुण पुढे मंडळीलाच जाब विचारू लागले, त्यामागे हे बदललेले मोजमाप आहे.

विसाव्या शतकात पुण्याने या वाटेवर आणखी एक पाऊल टाकले. अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२० च्या दशकात ख्रिस्त प्रेमसेवा संघ स्थापला आणि त्याचा आश्रम शिवाजीनगरला झाला. खादी, जमिनीवरची बैठक, साधे जेवण, देशी आणि परदेशी सभासद एकाच पातळीवर अशी तिथली राहणी होती. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून प्रसिद्ध झालेले व्हेरिअर एल्विन १९२७ मध्ये भारतात आले ते याच संघात. विन्स्लो यांनीच नारायण वामन टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. नगरच्या कीर्तनापासून शिवाजीनगरच्या आश्रमापर्यंतचा हा प्रवास पाहिला तर अनुकरणाचा आरोप टिकत नाही. परक्या साच्याला मराठी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या घासून आपल्या मापाचा केला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले आणि अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन अशा परंपरा एकत्र आल्या. लूथरन मंडळ्या त्यात नव्हत्या. म्हणूनच पुण्याच्या तरुणांनी लूथरन तरुणांच्या संमेलनाला जाण्याला अर्थ आहे. जे ऐक्य वडीलधाऱ्यांच्या वाटाघाटीत राहून गेले, ते एकत्र गाण्याबसण्यातून पुढे नेता येईल.

त्यासाठी मंडळ्यांनी दोन गोष्टी कराव्यात असे मला कळकळीने वाटते. पहिली, तयारी तरुणांच्याच हाती राहू द्यावी. तिकिटांपासून गाण्यांच्या निवडीपर्यंत सारे पाळक आणि पंचायतच ठरवू लागली, तर संमेलन उरेल आणि तयारीची शाळा बंद पडेल. मुलींना पैसे, प्रवास आणि सभेचे कामकाज यांत बरोबरीने जबाबदारी मिळाली पाहिजे, कारण या इतिहासाची सर्वांत धीट पाने मुलींनीच लिहिली आहेत. दुसरी, या तयारीचे कागद जपावेत. जुन्या तरुण संघांच्या इतिवृत्तवह्या, हस्तलिखित गाण्यांचे संग्रह, वर्गणीच्या याद्या आज रद्दीत जाण्याच्या वाटेवर आहेत. कुणी किती आणे दिले, स्वयंपाकाची पाळी कोणाची होती आणि कोणते पद नव्याने बसवले, याच नोंदींतून मराठी ख्रिस्ती माणूस स्वतःचा कारभार स्वतः कसा करू लागला हे सिद्ध करता येईल. मिशनच्या अहवालांत मिशनचा इतिहास मिळतो. मंडळीचा इतिहास लिहायचा तर मंडळीच्या वह्या लागतील, आणि त्या जपण्याचे काम पुढच्या संमेलनाच्या तयारीत पहिल्या क्रमांकावर असायला हवे.