'कोर्ट अँड स्पार्क' : अधू हातातून आलेला जॅझ

जानेवारी १९७४. जोनी मिचेल यांचा सहावा अल्बम 'कोर्ट अँड स्पार्क' प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्यातले 'हेल्प मी' हे गाणे सातव्या स्थानी गेले. त्यांचे दुसरे कोणतेही गाणे त्या यादीत पहिल्या दहांत आले नाही.

या यशाची रूढ कथा अशी : गिटार घेऊन एकटीने गाणाऱ्या लोकगायिकेने बाजार ओळखला, गाण्यांना जॅझची फोडणी दिली आणि अल्बम खपला. कथा सुटसुटीत आहे. पण कालक्रम तपासला की ती टिकत नाही. या जॅझचे मूळ लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत नाही, कॅनडातल्या एका आजारपणात आहे.

सॅस्कॅचेवान प्रांतात वाढणाऱ्या या मुलीला नवव्या वर्षी पोलिओ झाला. ती पुन्हा चालू लागली, पण डावा हात कमजोर राहिला. गिटारवादनात सूरसंगतींचे अवघड आकार बोटांनी धरायचे ते याच हाताने. पुढे गिटार हाती आल्यावर तिने वेगळा मार्ग काढला. बोटे तारांशी जुळत नसतील, तर ताराच बोटांशी जुळवून घ्यायच्या! तारा नेहमीपेक्षा निराळ्या स्वरांत लावल्या की मोकळ्या तारांतूनच सूरसंगती उमटते आणि डाव्या हाताचे काम हलके होते. अशा जुळण्यांची संख्या कालांतराने पन्नासच्या घरात गेली.

या सोयीतून एक अनपेक्षित गोष्ट घडली. त्या जुळण्यांतून निघणाऱ्या सूरसंगती अधांतरी असत. कान ज्या विश्रांतीच्या स्वराची वाट पाहतो, तो स्वर लवकर येतच नसे. रॉकच्या वादकांना ठोस आधारस्वर आणि सरळ ठेका यांची सवय. ते या गाण्यांत अडखळत. अखेर त्यांच्यातल्याच एकाने जॅझचे वादक शोधण्याचा सल्ला दिला, असे मिचेल सांगत आल्या आहेत. जॅझमध्ये अशी अधांतरी सूरसंगती नवलाईची नव्हती. माइल्स डेव्हिस यांचा 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ सालचा.

सॅक्सोफोनवादक टॉम स्कॉट १९७२ च्या 'फॉर द रोझेस' या अल्बममध्ये आधीच वाजवून गेले होते. त्यांचा 'एल. ए. एक्स्प्रेस' हा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या 'बेक्ड पोटॅटो' क्लबमध्ये वाजवत असे. तिथे मिचेल यांना हवे ते वादक सापडले. त्यांच्यातले ढोलवादक जॉन गेरिन थेलोनियस मंक यांच्या ध्वनिमुद्रणात वाजवलेले. बेसवादक मॅक्स बेनेट एला फिट्झगेराल्ड यांच्या साथीला राहिलेले.

म्हणून या अल्बममधला जॅझ वरून शिंपडलेला वाटत नाही. गाण्यांच्या अंगात तो होताच. त्याला पेलणारी माणसे तेवढी नव्याने आली. अपवाद शेवटच्या 'ट्विस्टेड'चा. वॉर्डेल ग्रे यांच्या सॅक्सोफोनवादनावर अॅनी रॉस यांनी १९५२ मध्ये शब्द बसवले होते, तीच ही रचना. ही मात्र उघड उसनवारी, आणि मोठ्या आनंदाने केलेली.

'डाउन टू यू' या गाण्याच्या वाद्यसंयोजनासाठी मिचेल आणि स्कॉट यांना ग्रॅमी मिळाले. मिचेल यांना स्वरलेखन वाचता येत नव्हते, हे इथे ध्यानात ठेवावे. वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मान स्टीव्ही वंडर यांच्याकडे गेला.

बाजारासाठीच हे वळण घेतले असते, तर त्या इथेच थांबल्या असत्या. १९७५ च्या 'द हिसिंग ऑफ समर लॉन्स'मध्ये त्यांनी बुरुंडीचे ढोल आणले आणि समीक्षकांचा रोष ओढवून घेतला. १९७९ चा अल्बम तर थेट चार्ल्स मिंगस यांच्या सोबतीने रचलेला. तो पूर्ण होण्याआधीच मिंगस वारले. प्रत्येक पावलागणिक श्रोते कमी होत गेले.

२०१५ मध्ये मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने मिचेल यांना पुन्हा सारे शिकावे लागले. बोटे कुठे ठेवायची, हे त्यांनी स्वतःच्याच जुन्या चित्रफिती पाहून शोधले. जुलै २०२२ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात त्यांनी उभे राहून एक रचना केवळ गिटारवर वाजवली. ती होती 'जस्ट लाइक धिस ट्रेन', 'कोर्ट अँड स्पार्क'मधली.