परदेशी शिक्षणाचा व्हिसा : पैसे कोणाच्या खात्यात हवेत?

शिक्षणासाठी ब्रिटनला जाणाऱ्या मुलांच्या घरी पैशांची जुळवाजुळव बहुधा झालेली असते. अडते ते पैसे कोणाच्या नावावर आहेत यावर. आजोबांची मुदत ठेव काय, काकांचे खाते काय, आपल्याकडे सारे घरचेच. ब्रिटिश व्हिसासाठी मात्र विद्यार्थ्याचे किंवा आई-वडिलांचेच खाते चालते. काकांना मदत करायची असेल, तर रक्कम आधी अशा खात्यात वळती करावी. तिथे ती सलग २८ दिवस राहिली पाहिजे. एक दिवस जरी शिल्लक कमी झाली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून! घरात लग्नकार्य असेल तर या खात्याला हात न लावलेलाच बरा.

रक्कम म्हणजे पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी हा खर्च महिना १,५२९ पौंड, इतरत्र १,१७१ पौंड धरतात. शेअर, जमीन, दागिने यात मोजत नाहीत. मान्यताप्राप्त बँकेचे विद्यार्थ्याच्या नावावरील शैक्षणिक कर्ज चालते आणि त्याला २८ दिवसांची अट नाही.

आई-वडिलांचे खाते दाखवल्यास त्यांचे संमतिपत्र व मुलाचा जन्मदाखला जोडावा लागतो. नगर निगमचा दाखला हिंदीत असेल, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही हवे. पासपोर्ट, पासबुक आणि दाखला यांवरील आडनावाचे स्पेलिंग आम्ही तर आधी तपासायला सांगतो.

जर्मनीची रीत निराळी. तिथे विद्यार्थ्याच्या नावे खास ‘ब्लॉक्ड’ खाते उघडून वर्षाचे ११,९०४ युरो भरतात. त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात.