पाहुण्याचे पान : कुलाबा किनाऱ्यावरील खानावळींचा इतिहास



शनिवारी सकाळी मांडव्याच्या धक्क्याला बोट लागते, पाहुणे अलिबागेत उतरतात आणि भेटेल त्याला एकच प्रश्न विचारतात : "काका, इथे चांगले जेवण कुठे मिळते?" आपण हात करतो, दोन नावे सांगतो, आणि आपल्या कामाला लागतो. प्रश्न साधा आहे. परंतु याच किनाऱ्यावर साडेपाचशे वर्षांपूर्वी तो एका परक्या माणसाला पडला होता, आणि शंभर वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात त्याच्यापायी माणसांची डोकी फुटली होती. आंग्र्यांच्या आरमारावर आणि जंजिऱ्याच्या तोफांवर या व्यासपीठावरून विद्वानांनी पुष्कळ सांगितले आहे. मी विद्वान नाही. रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाशी बसून जे काही वाचले तेवढेच माझे भांडवल. तेव्हा तोफा बाजूला ठेवून मी आज पानाबद्दल बोलणार आहे : ते कोणी वाढले, त्यावर कोणाला बसू दिले, आणि सर्वांत शेवटी कोण जेवले.

आरंभ चौलपासून करू. आज नारळी-पोफळींत दडलेले हे गाव एके काळी जगाला ठाऊक असलेले बंदर होते. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी एक घोडा बरोबर घेऊन येथे उतरला आणि पालीच्या वाटेने घाट चढून जुन्नरला गेला. त्या वेळी हा मुलूख बहामनी सुलतानांचा. निकितीनने जे टिपून ठेवले त्यात राजांपेक्षा रोजच्या गोष्टी जास्त आहेत, आणि म्हणून मला तो आवडतो. येथील लोक उजव्या हाताने जेवतात, सुरी-चमचा वापरत नाहीत, तांदूळ, तुपातली खिचडी आणि भाजीपाला खातात, हे त्याने पाहिले. प्रवासात प्रत्येक जण आपले स्वयंपाकाचे भांडे बरोबर बाळगतो आणि दुसऱ्याची नजरही त्यात पडू नये म्हणून जपतो, हेही पाहिले. आणि आणखी एक गोष्ट त्याने लिहिली : या देशात परके व्यापारी मुक्कामाच्या घरांत उतरतात आणि तेथे त्यांचे अन्न बायका शिजवतात. निकितीनच्या लिहिण्यात ऐकीव गोष्टींची भर बरीच आहे, हे धरून चालले पाहिजे. तरीही दोन माणसे त्याच्या वहीत स्पष्ट दिसतात. एक, आपले भांडे झाकून जेवणारा वाटसरू; आणि दुसरी, परक्यासाठी चूल पेटवणारी बाई. पुढची पाच शतके आपल्या किनाऱ्यावर या दोघांचीच आहेत म्हटले तरी चालेल.

भांडे झाकण्याचे कारण उघड आहे. जातीच्या समाजात पैसे देऊन भाकरी मिळत नसे, कारण भाकरीला शिजवणाऱ्याची जात चिकटलेली असे. म्हणून माणूस शिदोरी बांधून निघे, नातलगाकडे उतरे, किंवा धर्मशाळेत तीन दगड मांडून स्वतः भात शिजवून घेई. प्रवास थोडा होता तोवर हे निभावले. इंग्रजी अमलात ते निभेना. १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले, १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि अलिबागेला कचेऱ्या आल्या. कचेरी आली की तारीख आली, आणि तारीख आली की पक्षकार आला. पेणचा, रोह्याचा, माणगावचा कुळवाडी कागदांचे बोचके बगलेत मारून येणार. त्याचे काम त्या दिवशी होईलच असे नाही. (आजही नाही.) मग त्याने जेवायचे कुठे? खानावळ या गरजेतून वाढली. बहुधा ती कुणा विधवा, निराधार बाईच्या ओटीवरच असे. घरात चूल होती, हातात कसब होते, आणि दुसरी कमाई तिला समाजाने ठेवली नव्हती. पाटी असो वा नसो, जेवणाऱ्याची जात मात्र विचारली जाई आणि पंक्ती त्याप्रमाणे पडत. तेव्हा खानावळीने पहिला अडसर काढला तो इतकाच, की अन्न पैशाला मिळू लागले. कोणाच्या पैशाला, हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न महाडला विचारला गेला. सावित्रीच्या खाडीकाठचे महाड म्हणजे त्या काळची मोठी पेठ; अस्पृश्य मानलेले लोक तेथे बाजाराला, कचेरीच्या कामाला येत, आणि दिवसभर त्यांना प्यायला पाणी मिळत नसे. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव संमत करून घेतला. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले; तळे कागदावर खुले झाले. मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी तेथे डॉक्टर आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. परिषदेसाठी पाणी विकत घ्यावे लागले, चाळीस रुपयांचे. त्या काळचे चाळीस रुपये, आणि तेही तळ्याच्या गावात! दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने जाऊन लोक तळ्याचे पाणी प्याले, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यानंतरची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी हूल उठली आणि जमाव लाठ्या घेऊन मंडपावर चालून आला. तेव्हा मंडपात काय चालले होते? काही जण परतीची बांधाबांध करत होते आणि काही जण जेवत होते. जमावाने माणसांना मारलेच, पण अन्नही मातीत मिसळले, भांडी फोडली. पाण्यासाठी आलेल्या माणसांचे पान उधळले गेले.

त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. या वेळी पेठेतल्या व्यापाऱ्यांनी असहकार पुकारला, म्हणून धान्यसामग्री बाहेरून आणून ठेवावी लागली. जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. बाबासाहेब आणि त्यांची मंडळी 'पद्मावती' बोटीने हरिहरेश्वरमार्गे आली. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले सर्वांना खुली असल्याचे नावानिशी लिहिले आहे. इतक्या थोर ग्रंथात चहाच्या दुकानाची गोष्ट कशाला, असे एका तरुण वकिलाने मला एकदा विचारले होते. मी त्याला म्हटले, "साहेब, एकदा महाडच्या मंडपात जाऊन या." पाहुण्याला आज आपण नुसता हात करून खानावळ दाखवतो, ती सोय अशी मिळवलेली आहे.

आता पानातल्या भाताकडे वळतो. तो भात खारेपाटातला. समुद्राचे पाणी बांध घालून अडवायचे, जमीन गोडी करायची, आणि पिकातला मोठा वाटा खोताच्या घरी नेऊन टाकायचा, असा येथील कुळांचा जन्म जाई. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने संप पुकारला गेला. पंचवीस गावांनी शेते ओस टाकली. हा संप सहा वर्षे टिकला. सहा वर्षे भात न पिकवता माणसे जगली ती लाकूडफाटा विकून आणि खाडीतले चिंबोरे-मासे धरून. मी गिरणीतले आणि कारखान्यांतले पुष्कळ संप पाहिले आणि वाचले आहेत. इतके दिवस रिकाम्या कणगीकडे पाहत उभा राहिलेला संप मला दुसरा माहीत नाही. पुढे आलेल्या कुळकायद्यामागे या रिकाम्या कणग्यांचे वजन आहे.

खोताने आणि खाऱ्या जमिनीने किती माणसे मुंबईला लोटली? कुलाबा आणि रत्नागिरीचा तरुण गिरणीत लागला, तो एकटा. बायको गावी, आणि तो दहा-पंधरा जणांच्या खोलीत गाळा धरून. त्याला जेवू घातले ते परळ-लालबागच्या खानावळवाल्या बायकांनी. दोन वेळचे जेवण, पैसे पगाराच्या दिवशी. या बायकांचे नाव ना हजेरीपटावर, ना युनियनच्या पावतीवर. आणि त्यांच्यावाचून एकही साचा दुसऱ्या दिवशी हलला नसता. १९७४ च्या आरंभी गिरण्यांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला, तेव्हा कामगारांना उधारीवर जेवू घालता घालता यांचे दागिने सावकाराकडे गेले. कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी ही गोष्ट ओळखली. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले आणि चौदा बायकांपासून सुरुवात करून खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. आमच्या पुढाऱ्यांनी कामगार शब्दाची व्याख्या करताना चुलीकडे पाठ केली होती, हे येथे बोलून टाकतो.

हा चाकरमानी सणाला घरी येई. आला की अर्ध्या जिल्ह्याचा तो पाहुणाच. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसकडे सुटली. दिव्यांची अवस तोंडावर होती. घरी जाऊन चार घास खायचे म्हणून माणसे दाटीने चढली होती. काशाच्या खडकापाशी बोट कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य महिन्याभरावर होते. घरोघर त्या दिवशी वाढून ठेवलेली पाने तशीच राहिली, असे आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका सांगत.

पाहुणा पुढे बदलला. जिल्ह्याचे नाव १९८१ पासून रायगड झाले. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली, २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबईचा माणूस आता न्याहारी घरी करून दुपारच्या जेवणाला येथे येतो. वरसोली, नागाव, काशीद, मुरूड, जेथे जाल तेथे 'घरगुती जेवण मिळेल' ही पाटी दिसते. एवढे ऐकल्यावर आपण विचाराल, "अहो, पण जेवायचे कुठे ते सांगाल की नाही?" नाव कोणाचेही सांगणार नाही, खूण सांगतो. जेथे शंभर पदार्थांची यादी हातात देतात तेथून उठावे. जेथे "मावशी, आज काय आहे?" असे विचारल्यावर मावशी "आज बोंबील आहेत, सुरमई काल संपली" असे तोंडावर सांगते, तेथे बसावे. तांदळाची भाकरी मागावी. वालाचे बिरडे असेल तर माशाचा हट्ट सोडावा. जूनजुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या पापलेटाची अपेक्षा धरून मावशीला खोटे बोलायला लावू नये. सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी यांत उणे काही नाही. खारेपाटाच्या तळ्यात वाढलेला जिताडा मिळाला तर नशीब समजावे. पूर्वी तो सोयऱ्याला आणि साहेबाला भेट म्हणून जाई, विकत क्वचितच मिळे. थंडीत आलात तर शेतावरच्या पोपटीला कोणाच्या तरी ओळखीने जावे. मडके, वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला या तीन वस्तूंत जे होते ते कोणत्याही भटारखान्यात होत नाही. आणि पांढरा कांदा, ज्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो कच्चाच खावा.

पण पान उचलण्यापूर्वी आत डोकवावे, ही माझी खरी खूण. घरच्या खानावळीत सून पहाटे बाजारातून मासळी आणते, सासू मसाला वाटते. त्यांच्या श्रमाचा दर जेवणाच्या भावात कधी धरलेला नसतो. मोठ्या जागी वाढपी आणि भांडी घासणारी मुले असतात, पुष्कळदा परप्रांतातली, आणि तेथेच वरच्या माळ्यावर झोपणारी. त्यांची नोंद कोठे असते? १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली लहानसे उपाहारगृहही येत असे. २०१७ च्या कायद्याने तो बदलला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाने नुसती सूचना दिली की काम भागू लागले. २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. आपल्या किनाऱ्यावरच्या किती खानावळींत वीस माणसे कामाला असतील ते आपणच मोजा. मी गेल्या हंगामात अशा मुलांना विचारत हिंडलो, की बाबा, तू जेवतोस केव्हा? उत्तर बहुतेक ठिकाणी सारखेच होते : चार वाजता, गर्दी ओसरल्यावर, आणि मासळी उरली तर.